वहाणांची तोंडं

मारुतीची शेपटी चुकली म्हणून नाशकातल्या एका माणसाला जपानला जावं लागलं, असं आज कुणाला सांगितलं तर तो हसेल. पण सन चौतीस-पस्तीसच्या सुमाराला हे खरोखर घडलं, आणि ज्यांच्यावर ते गुदरलं ते त्र्यंबकराव चांदवडकर, ड्रॉइंग मास्तर, पुढे आयुष्यभर त्यावर हसले नाहीत.

शेपटीचं प्रकरण असं. भद्रकालीत हनीफशेठचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं. पंचवटीत येणारे यात्रेकरू भिंतीला टांगायला देवादिकांची चित्रं असलेल्या बश्या घेऊन जात, आणि या बश्या थेट जपानातून येत. त्या खेपेला ज्या बश्या आल्या त्यांत रामाच्या हातात धनुष्याऐवजी छत्री होती, सीतामाईने पायघोळ झगा घातला होता आणि मारुतीची शेपटी मानेच्या जरा खालून निघाली होती. यात्रेकरू बशी हातात घेऊन आधी नमस्कार करत, मग नीट बघत, आणि मग ती जागेवर ठेवून हनीफशेठकडे असं पाहत की जणू शेपटी त्यानेच ओढून वर नेली आहे. हनीफशेठला घाम फुटला. देव तुमचे, दुकान माझं, उद्या कुणी म्हणालं की मी हे मुद्दाम केलं, तर मी कुणाच्या तोंडाला लागू, असं तो ज्याला त्याला विचारू लागला. मास्तरांकडून चित्रं काढून घेऊन त्याने ती टपालाने धाडूनही पाहिली. नव्या बश्यांत मारुतीला दोन शेपट्या आल्या, एक जुन्या जागी आणि एक मास्तरांच्या.

"मास्तर, आता तुम्हीच जाऊन या," हनीफशेठ म्हणाला. "शेपटी कुठून निघते ते त्यांना समोर उभं राहून दाखवा. जाण्या-येण्याचं सगळं माझ्याकडे."

समोर उभं राहून दाखवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचा विचार मास्तरांनी तेव्हा केला नाही. परदेश या एका शब्दाने त्यांची छाती फुगली होती. शाळेत ड्रॉइंगचा तास म्हणजे मुलांच्या झोपेचा तास, आणि मास्तरांच्या खोलीत ड्रॉइंग मास्तरांची खुर्ची दाराआड. अशा माणसाला समुद्रापलीकडून बोलावणं येतं तेव्हा तो शेपटीचा तपशील विचारत बसत नाही.

मास्तरांच्या आळीत काहीही करायचं झालं तर आधी भाऊसाहेब सिन्नरकर वकिलांना विचारावं लागे. न विचारता केलं तरी ते सल्ला देतच, त्यापेक्षा विचारलेलं बरं. शिवाय भाऊसाहेब मास्तरांच्या शाळेच्या मंडळाचे चिटणीस होते, त्यामुळे रजाही त्यांच्याच हातात होती. देह असा प्रशस्त, की स्वतःचे पाय त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. कुणाच्या घरून निघताना उलटे पडलेले पंप शू सुलटे करून पायात सरकवायला त्यांना एका पायावर बराच वेळ नाचावं लागे, आणि तेवढा वेळ आळीतली माणसं अदबीने आभाळाकडे बघत. भाऊसाहेब स्वतः मुंबईपलीकडे कधी गेले नव्हते. पण त्यांच्याकडे विलायतेचं एक सचित्र साप्ताहिक येई, त्यामुळे परदेशाच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा होता.

त्यांनी रजा मंजूर केली, आणि मास्तरांना साहेबी रीतभात शिकवूनच पाठवायचं, नाहीतर नाशकाची अब्रू जाईल, असं जाहीर केलं. जपानची रीत विलायतेपेक्षा वेगळी असेल काय, अशी शंका मास्तरांनी एकदा चाचरत काढली. भाऊसाहेबांनी उलट विचारलं की समुद्र एकच आहे ना. मास्तर हो म्हणाले. मग पलीकडची रीतही एकच, असं म्हणून भाऊसाहेबांनी पान लावायला घेतलं. भाऊसाहेबांच्या आई सावित्रीबाई आतून म्हणाल्या की समुद्र ओलांडलास की बाटलास, परत आल्यावर रामकुंडावर प्रायश्चित्त घ्यावं लागेल, आणि येताना लोणच्यासाठी झाकणाची एक बरणी आण.

मग पासपोर्टचं कलम निघालं. कचेरीतल्या हेडक्लार्कने प्रवासाचं प्रयोजन विचारलं. मास्तरांनी खरं ते सांगितलं. हेडक्लार्क बराच वेळ टाक हवेत धरून बसला. मारुती धरला तर प्रयोजन धार्मिक, बशी धरली तर व्यापारी, आणि शेपटी कशात धरायची याबद्दल सरकारचा काही हुकूम आलेला नव्हता. अर्ज धार्मिक टेबलावरून व्यापारी टेबलावर गेला आणि तिथून खाली मान घालून परत आला. शेवटी भाऊसाहेबांनी 'शैक्षणिक' असं लिहायचा तोडगा काढला. कुणाचं शिक्षण, असं हेडक्लार्कने विचारलं. याचं उत्तर तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी शिक्का बसला.

पाठोपाठ चौकशीला पोलीस आला. चांदवडकर इथेच राहतात का आणि चळवळीत असतात का, एवढंच त्याने आळीच्या तोंडाशी विचारलं. पण पोलीस मास्तरांच्या ओट्याशी पोचायच्या आत मास्तरांना अटक झाल्याची बातमी गोदावरीपलीकडे पोचली होती. ते दिवसच असे होते की तुरुंगात गेलेल्या माणसाच्या घरी लोक नारळ घेऊन येत. आळी ओट्यासमोर जमली, कुणी घोषणा दिल्या, कुणी हार आणला आणि कमळाबाईंना, म्हणजे मास्तरांच्या पत्नीला, दोन बायकांनी धीर देता देता रडवलं. मास्तरांनी मान पुढे केली होती, हार गळ्यात पडणार तेवढ्यात पोलिसाने पासपोर्ट हा शब्द उच्चारला. हार आणणाऱ्याने तो तसाच हातात धरून घरी नेला आणि वाया जाऊ नये म्हणून आपल्या वडिलांच्या तसबिरीला घातला. मास्तरांची मान बराच वेळ पुढेच होती.

यानंतर पुंजा आला. पुंजा देवळालीच्या कॅम्पात गोऱ्यांच्या मेसमध्ये बटलर होता आणि आता मिशांना पीळ देत घरी बसला होता. भाऊसाहेबांनी त्याला मास्तरांच्या शिक्षणासाठी मुद्दाम बोलावून घेतलं. तो काटा, सुरी आणि चमचे फडक्यात गुंडाळून घेऊन आला. कमळाबाईंनी काट्याचा उपयोग समजून घेतला आणि सांगून टाकलं की जी वस्तू तोंडात जाते, तोंडातून ताटात येते आणि पुन्हा तोंडात जाते ती माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. तेव्हा शिकवणी ओट्यावर, सगळ्या आळीच्या साक्षीने सुरू झाली. मास्तर खुर्चीवर बसून सुरीने पुरणपोळी कापत, पुंजा मागे हात बांधून उभा राही आणि समोर माणसं बसून घास तोंडात जातो की कानात याचा अंदाज करत.

पुंजाचा सगळा भर आवाजावर होता. आता मास्तरांचा भुरका म्हणजे आळीत प्रसिद्ध गोष्ट. त्यांनी आमटीचा भुरका मारला की शेजारच्या घरात कळे की आज चांदवडकरांकडे पुरणाचा कट आहे. पुंजाने तो बंद केला.

"आवाज नाय पायजे, मास्तर," तो म्हणाला. "साहेबाच्या टेबलाव भुरका मारला तर साहेब बंदूक काढंल."

"काढतात?" मास्तरांनी चमचा खाली ठेवत विचारलं.

"म्या पाह्यलं नाय. पर काढंल."

दुसरा नियम बुटांचा. साहेबाच्या घरात काय वाटेल ते झालं तरी बूट काढायचे नाहीत, उघडा पाय दिसला की लय बेअदबी. तिसरा नियम आंघोळीचा. साहेब टबात बसतो आणि साबण टबातच लावतो. टब नव्हता म्हणून मास्तरांना मोठ्या तांब्याच्या घंगाळात बसवण्यात आलं. बसले ते व्यवस्थित, पण उठायच्या वेळी घंगाळही उठू लागलं. तांबट आळीतून नाथा तांबटाला बोलावलं. त्याने सगळीकडून ठोकून पाहिलं आणि घंगाळ कापायचं की मास्तरांना उपास घालायचा, असं कमळाबाईंना विचारलं. घंगाळ कमळाबाईंच्या माहेरचं होतं, त्यामुळे त्या विचारात पडल्या. ही गोष्ट मास्तरांच्या मनाला फार लागली. शेवटी खोबरेल तेलाने सुटका झाली आणि पुंजाने आंघोळीचा धडा पक्का झाल्याचं सांगितलं.

अशा तयारीनिशी मास्तर निघाले. काट्या-चमच्याचं कसब दाखवायला बोट ही उत्तम जागा होती, टेबलंही मांडलेली असत. पण बोट मुंबईचं बंदर सोडून डुलायला लागल्यापासून मास्तरांच्या पोटाने जो असहकार पुकारला तो जपान दिसेपर्यंत मागे घेतला नाही.

नागोया शहराजवळ कुंभारभट्ट्यांचं एक गाव होतं. तिथे बश्यांच्या कारखान्याचे मालक मोरीता यांच्या घरी मास्तरांची सोय केली होती. मोरीतांना मोडकं इंग्रजी येई, मास्तरांनाही मोडकंच येई, आणि दोघांचं एकाच ठिकाणी मोडलेलं असल्यामुळे छान जमलं. घराच्या दारात मोरीतांनी खाली वाकून स्वतःचे बूट काढले आणि ते वर चढले. मास्तरांना त्यांची कीव आली. बिचारा आपल्याला मान देण्यासाठी अनवाणी होतो आहे, पण आपण चुकता कामा नये, असं मनाशी म्हणून ते चिखलाचे बूट वाजवत आत गेले.

आत सगळीकडे पिवळसर चटया अंथरल्या होत्या, सारवलेल्या जमिनीसारख्या स्वच्छ. खुर्ची नावाला नव्हती. कोपऱ्यात मोरीतांच्या म्हाताऱ्या आई गुडघे मुडपून बसल्या होत्या. त्या मास्तरांच्या बुटांकडे बघत राहिल्या. आणि ती नजर मास्तरांनी ओळखली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कुणाची चप्पल दिसली की सावित्रीबाई नेमकं असंच बघत. इतक्या दूर, जिथे एक अक्षर वाचता येत नव्हतं, तिथे ही नजर मात्र त्यांना स्वच्छ वाचता आली. मास्तरांनी तिथेच फतकल मारली आणि नाडी सोडायला घेतली. बूट निघाला तेव्हा मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आलेला होता. म्हातारी बाहीआड तोंड लपवून हसली. सकाळी मोजा रफू करून उशाशी ठेवलेला मिळाला. परक्या घरी आपला मोजा कुणी शिवला म्हणून डोळ्यांत पाणी येईल असं मास्तरांना कधी वाटलं नव्हतं, पण आलं.

पुंजाचे बाकीचे नियमही असेच एकेक करून बुडाले. जेवायला वाडग्यात ऊन ऊन सार आणि त्यात शेवया आल्या. सारात काय होतं ते मास्तरांनी विचारलं नाही, आपणही विचारू नये. मास्तर पुंजाच्या शिकवणीप्रमाणे एकही आवाज न करता जेवले. बाकीची सगळी मंडळी मात्र असे भुरके मारत होती की मास्तरांना बंदुकीची काळजी वाटू लागली. मोरीतांचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच विचारलं की जेवण बिघडलं का, तुम्ही एवढे गप्प कसे. मास्तरांना उमजायला थोडा वेळ लागला. मग एका संध्याकाळी त्यांनी वाडगा उचलला आणि नाशकात शेजारच्या घराला ऐकू जाणारा तो भुरका मारला. म्हातारीने न विचारता दुसरा वाडगा पुढे ठेवला. ज्या भुरक्याबद्दल घरी इतकी बोलणी खाल्ली त्याला परदेशात असा मान मिळाला.

आंघोळीचं तर सांगायलाच नको. लाकडी डोणीत कढत पाणी भरून ठेवलेलं असे. आधी बाहेर पाटावर बसून अंग घासून स्वच्छ व्हायचं आणि मग सगळ्यांनी पाळीपाळीने त्याच पाण्यात शेकत बसायचं, अशी तिथली पद्धत. पाहुणा म्हणून मास्तरांना पहिला मान मिळाला आणि त्यांनी पुंजाला स्मरून डोणीतच साबण लावला. त्या दिवशी सबंध मोरीता घराण्याची आंघोळ बुडाली आणि कुणी चकार शब्द काढला नाही. आळीत असं झालं असतं तर निदान चार दिवस भांडण पुरलं असतं. मास्तरांना ते भांडण हवंहवंसं वाटलं, कारण न भांडणाऱ्या माणसांसमोर अपराधी होऊन बसण्याची त्यांना सवय नव्हती.

सगळंच काही आपल्यासारखं नव्हतं. पगार किती, मुलं किती, असं कुणी विचारत नसे, त्यामुळे मास्तरांना पहिले काही दिवस आपली कुणाला पर्वाच नाही असं वाटलं. त्यात कारखान्यातला म्हातारा चितारी. शेपटी खाली घ्या, असं सांगितलं की तो वाकून हो म्हणे आणि पुन्हा मानेखालूनच शेपटी काढी. त्याचा हो म्हणजे तुमचं बोलणं ऐकलं, एवढाच, हे कळेपर्यंत मास्तरांचा अर्धा जीव गेला. शेवटी एक दिवस त्यांनी धोतराचा काचा मारला, कमरेला मागे दोर बांधला आणि कारखान्याच्या मधोमध हुप्प करून उडी मारली. समोर उभं राहून दाखवा, याचा अर्थ त्यांना तेव्हा लागला. चितारी प्रथमच हसला, त्याने मास्तरांना कमरेत वाकून नमस्कार केला आणि शेपटी बरोबर जागी काढली.

पण मास्तरांच्या मनात घर करून राहिलं ते दुसरंच. रोज सकाळी दाराशी आलं की आदल्या दिवशी वेडेवाकडे काढलेले त्यांचे बूट जोडीने, तोंडं बाहेर करून ठेवलेले असत. पाय घालायचा आणि चालू लागायचं. एकदा लवकर उठले तेव्हा दिसलं की ती म्हातारी खाली बसून दोन्ही हातांनी त्यांचे बूट फिरवते आहे. मास्तर जागीच थिजले. आपल्याकडे दुसऱ्याच्या पायताणाला हात लागतो तो मारामारीत, किंवा माणूस साधुपुरुष असला तर. आपण दोन्हींत बसत नव्हतो. ते अडवायला पुढे झाले तर म्हातारी उलट वाकली. पाहुण्याला जाताना धडपडावं लागू नये, एवढाच त्यात भाव होता. मास्तरांना लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं. पुढे पुढे दुसरा कुणी पाहुणा आला की म्हातारीच्या आधी तेच वाकून त्याचे जोडे फिरवू लागले. ते त्यांच्या हातातच बसलं.

परत आल्यावर पहिल्या संध्याकाळी कमळाबाई ओट्यावर आल्या तर त्यांच्या वहाणा जोडीने, तोंडं बाहेर करून ठेवलेल्या. शेजारी मास्तर उठून उभे राहत होते. कमळाबाईंनी चटकन इकडेतिकडे पाहिलं, वहाणा पायाने सारून पूर्वीसारख्या वेड्यावाकड्या केल्या आणि आत निघून गेल्या. त्या रागावल्या असं मास्तरांना वाटलं.

आळी बातमी ऐकायला जमली. काटा कुठल्या हातात धरतात, हा भाऊसाहेबांचा पहिला प्रश्न. काटे नसतात, काड्या असतात, असं मास्तर म्हणाले. खुर्च्या कशा? नसतात, जमिनीवर बसतात. बूट? दारात काढतात. भुरके? मारतात. माणसं एकमेकांकडे बघू लागली. एवढं करून हा मनुष्य सांगतो काय, तर परदेशातले लोक आपल्यासारखे राहतात.

दुसऱ्या दिवशी आळीचं मत ठरलं की त्र्यंबक मास्तर परदेशी गेलेच नाहीत. मनमाडला त्यांचे साडू रेल्वेत होते, त्यांच्याकडे लपून बसले असणार. मास्तरांनी चटईवर झगा घालून, हातात वाडगा घेऊन काढलेला फोटो दाखवला, तो पाहून एकाने हा त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळीला बसल्याचा फोटो आहे असं सांगितलं. सावित्रीबाईंनी बरणी ठेवून घेतली, पण असल्या बरण्या हनीफच्या दुकानात मिळतात असं म्हणाल्या. नव्या बश्यांत शेपटी जागेवर आली होती, तर ती टपालाने आली असं ठरलं. हनीफशेठ साक्ष द्यायला आला. तो म्हणाला, बोटीवर मी स्वतः यांना चढवलं, मला विचारा ना. भाऊसाहेबांनी तो हितसंबंधी साक्षीदार आहे म्हणून त्याला चहा पाजून परत पाठवला. राहिला पासपोर्ट. तो भाऊसाहेबांनी उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि निकाल दिला की पासपोर्टाने जाण्याची परवानगी शाबीत होते, जाणं होत नाही, आणि हे शिक्के तर कुणालाच वाचता येत नाहीत. पुंजा सगळ्यांत जास्त दुखावला होता. आपली शिकवण बाद करणारा परदेश असूच शकत नाही, असं तो देवळालीपर्यंत सांगत सुटला.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण परदेशगमनासाठी म्हणून घेतलेली रजा, आणि परदेशगमन तर झालं नाही, म्हणजे मंडळाची फसवणूक. चिटणीस या नात्याने भाऊसाहेबांनी मास्तरांना नोकरीवरून का काढू नये असा सवाल केला. मात्र आपण न्यायी आहोत हे दाखवण्यासाठी त्यांनी एक संधी दिली. वाचनालयाच्या दिवाणखान्यात मास्तरांनी आपल्या प्रवासावर जाहीर व्याख्यान द्यावं, मंडळ श्रोत्यांत बसेल आणि त्यावरून काय ते ठरवेल.

व्याख्यानाच्या दिवशी कमळाबाईंनी वाढता वाढता विषय काढला.

"काटे असतात म्हणून सांगा की. तुमचं काय जातं?"

"खोटं कसं सांगू?"

"नोकरी गेली तर खायचं काय, काटे?"

बाई म्हणत होती ते खरं होतं. दाराआडची का होईना, पण ती एक खुर्ची होती आणि तिच्यावर घर चाललं होतं. दिवसभर ते काटे असतात, काटे असतात, असं मनात घोकत राहिले. पण सभेत उभं राहून तोंड उघडलं आणि मोजा शिवणारी ती म्हातारी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. तिच्या हातात काटा द्यायला आणि तिच्या चटईवर बूट घालून चालायला त्यांचा जीव होईना. त्यांनी सगळं होतं तसंच सांगितलं.

सतरंजीवर अनवाणी, मांडी घालून बसलेल्या त्या सभेला एका शब्दावरही विश्वास बसला नाही. जमिनीवर बसणारे लोक बश्यांचे कारखाने कसे चालवतील, असं कुणीतरी मागून विचारलं. हशा झाला. दिवाणखान्यातल्या एकमेव खुर्चीवर बसलेले भाऊसाहेब अध्यक्षीय समारोपाला उठले आणि मनमाड हे कसं फार मोठं जंक्शन आहे इथून त्यांनी सुरुवात केली. मास्तरांना ते ऐकवेना. ते हळूच उठून बाहेर व्हरांड्यात आले.

बाहेर श्रोत्यांच्या चपला-जोड्यांचा ढीग पडला होता. कोल्हापुरी वहाणा, पंप शू, पुंजाचे मेसमधले बूट, सावित्रीबाईंच्या लाल वहाणा, सगळं एकमेकांच्या उरावर. मास्तर पायरीवर टेकले. आतून भाऊसाहेबांचा आवाज येत होता, नोकरी गेल्यात जमा होती आणि हाताला काही काम नव्हतं. हात आपोआप पुढे गेला. एक पंप शू उचलला, त्याचा जोडीदार शोधला, जोडी तोंडं बाहेर करून ठेवली. मग दुसरी. भाऊसाहेबांचा समारोप लांबला तसा ढीग आटत गेला आणि व्हरांड्याच्या कडेने ओळी लागल्या.

सभा सुटली आणि बाहेर एकच गोंधळ उडाला. आपली चप्पल ढिगात कुठे, कुणाच्या खाली गेलेली असते, हे नाशिककराला अंगवळणी पडलेलं असतं. ओळीत मांडलेली चप्पल कुणालाच ओळखता येईना. चोरी झाली असंही कुणी म्हणालं, पण चोर चपला मांडून ठेवत नाही, म्हणून ते मागे पडलं. भाऊसाहेब माणसांतून वाट काढत पुढे आले.

"हे कुणी केलं?"

"मी," मास्तर उभे राहत म्हणाले.

"सगळ्यांच्या जोड्यांना हात लावलास?"

"हो."

"माझ्याही?"

"तुमच्या सगळ्यांत आधी."

मग मागून सावित्रीबाई पुढे आल्या. त्यांनी आपल्या लाल वहाणा पाहिल्या, मास्तरांचे हात पाहिले, आणि कपाळाला हात लावला.

"अरे, हा जाऊन आला रे," त्या म्हणाल्या. "आपल्यातला कुणी मेला तरी असं करणार नाही."

हे सगळ्यांना एकदम पटलं. फोटो, बरणी, बश्या, हनीफशेठ आणि सरकारी शिक्के यांनी जे शाबीत झालं नाही ते चपलांनी झालं. इतका बिघडलेला मनुष्य परदेशीच बिघडलेला असणार, मनमाडला राहून एवढं बिघडता येत नाही, असं भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. फसवणुकीचा आरोप रद्द झाला, नोकरी राहिली. फक्त रामकुंडावर प्रायश्चित्त घेऊनच वर्गात पाऊल टाकावं, अशी अट मंडळाने घातली, आणि ते नीट पार पडतं की नाही हे बघायला भाऊसाहेब स्वतः जातीने हजर राहणार होते.

तेव्हा एका थंडीच्या सकाळी मास्तर गोदावरीत कमरेइतक्या पाण्यात काकडत उभे राहिले. काठावर भटजी मंत्र म्हणत होते. भाऊसाहेब पायरीवर पंप शू काढून, खाली उतरून, एकेक बुडी डोळ्यांत तेल घालून मोजत होते. त्यांच्यामागे जरा अंतरावर कमळाबाई कोरडं धोतर घेऊन बसल्या होत्या.

विधी आटोपला. भाऊसाहेब वर आले आणि सवयीने एका पायावर नाचायच्या तयारीने त्यांनी भिंतीला हात टेकला. पण पाय पुढे केला तो सरळ बुटात गेला. दुसराही गेला. वाकावं लागलं नाही, नाचावं लागलं नाही, कुणाला आभाळाकडे बघावं लागलं नाही. भाऊसाहेब तसेच उभे राहिले. त्यांनी नदीकडे पाहिलं. मास्तर अजून पाण्यातच होते. मग त्यांनी कमळाबाईंकडे पाहिलं. त्या धोतराची घडी पुन्हा नीट करत होत्या आणि त्यांच्या बोटांना पायरीवरची ओली माती लागली होती.

भाऊसाहेब दोन पावलं चालले. थांबले, आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

"काटे खरंच नसतात का हो तिकडे?"

"नसतात," कमळाबाई म्हणाल्या.